सामायिक घड्याळाची चौथी बारी

आमच्या वाडीत दहा वाजतात तेव्हा बाहेरच्या जगात किती वाजलेत, हे महिना कोणता चाललाय त्यावर ठरतं. थांबा, हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळणारच नाही.

डहाणूहून चिंचणीच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमची चिकूची वाडी आहे. वाडी तीन भावांची. मोठे काका, मधले माझे बाबा, मग धाकटे काका. वाटणी झाली तेव्हा मी बालवाडीत होते, पण ऐकून ऐकून मला सगळी पाठ आहे. झाडं मोजून वाटली. तांब्याची भांडी वाटली. झोपाळ्याची फळी एकाकडे गेली, कड्या दुसऱ्याकडे, आणि तो टांगायचा वासा तिसऱ्याच्या घरात, त्यामुळे तेव्हापासून आमच्यात कोणी झोका घेतलेला नाही. फक्त दोन गोष्टी सामायिक राहिल्या. एक विहीर आणि दुसरं आजोबांचं मनगटी घड्याळ.

विहिरीच्या पाण्याच्या बाऱ्या आहेत. सकाळी सहा ते दहा मोठे काका, दहा ते दोन बाबा, दोन ते सहा धाकटे काका. आणि नियम एकच: ज्याच्या मनगटावर घड्याळ, पाणी त्याचं. घड्याळ हातात नसेल तर मोटारीच्या बटणाला हात लावायचा नाही. त्या घड्याळाच्या तबकडीभोवती एक फिरणारं कडं आहे, त्याच्यावर त्रिकोण. घेणाऱ्याने तो त्रिकोण आपली बारी संपायच्या आकड्यावर आणायचा. तासकाटा त्रिकोणाला टेकला की विहिरीच्या कठड्यापाशी यायचं आणि घड्याळ पुढच्याला द्यायचं. चावी द्यायची ती दोघांच्या देखत. कारण एकदा कोणीतरी (कोणी, हे विचारू नका, तीन उत्तरं मिळतील) चावीच दिली नव्हती. घड्याळ बंद पडलं आणि त्याची बारी दोन दिवस संपलीच नाही.

मोबाईल आहेत हो सगळ्यांकडे! पण मोबाईल ज्याचा त्याचा. घड्याळ सामायिक.

आता हे घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडतं. आणि काटे फिरवायचा हक्क कोणालाच नाही, फक्त दसऱ्याला. दसऱ्याला कोयते, फावडी, मोटार यांच्याबरोबर घड्याळाचीही पूजा होते आणि तिघांच्या समोर ते बरोबर लावलं जातं. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत ते हळूहळू घसरत जातं. दिवाळीत पाच-सात मिनिटं. होळीपर्यंत पाऊण तास. गणपती उठले की जवळजवळ दीड तास. रानशेतहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तर सरळ विचारतात, "तुमच्या वाडीत आता किती वाजले?"

आणि तिघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर हेच घड्याळ. आजोबांचं इतकं चांगलं घड्याळ कोणी बिघडवलं, हे भांडण. मोठे काका म्हणे ते ओलं झालं की मोटारीच्या शेडच्या पत्र्यावर उन्हात वाळत ठेवायचे, त्याने काळी तबकडी चिकूच्या सालीसारखी तपकिरी झाली. धाकट्या काकांनी घड्याळ हातात असतानाच विहिरीत ब्लीचिंग पावडर कालवली, त्याने कड्याचा काळा रंग उडून ते राखाडी झालं. आणि बाबा! बाबांनी तर ते भांड्यांच्या दुकानात नेलं. तिकडे स्टीलच्या डब्यांवर सुईच्या मशीनने नाव घालून देतात ना, टर्रर्र करत, तसं त्यांनी घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतलं: सामायिक. उगाच पुढे भांडण नको म्हणून. भांडण तिथूनच सुरू झालं.

त्यामुळे आता कठड्यापाशी जे काही बोलायचं ते विहिरीला उद्देशून. मोठे काका विहिरीत बघत म्हणतात, "त्रिकोण जरा पुढे गेलाय म्हणावं." बाबा विहिरीत बघत म्हणतात, "चष्मा बदला म्हणावं." विहीर काही म्हणत नाही.

पण एक गोष्ट मला लहानपणापासून विचित्र वाटायची. दहा वाजायच्या आधी बाबा अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालतात. लग्नाला जाताना न घालणारा माणूस! आणि भर जुलैत, विहीर काठापर्यंत भरलेली, चिकूच्या बुंध्यात गुडघाभर पाणी, तरी बाबा छत्री घेऊन पाण्याची बारी घ्यायला जातात. मोठे काका छत्री घेऊन उभे असतात. घड्याळ देतात, घेतात, चावी देतात, दोन मिनिटं विहिरीकडे बघतात, आणि परत. मी आईला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे, तेवढंच."

मी म्हटलं, तेवढंच काय?

तर आता मी. मला मागच्या वर्षी घड्याळांच्या व्हिडिओचं वेड लागलं. म्हणजे अभ्यास करता करता एक लागला आणि मग मी गेलेच! जुनी, दुर्मीळ, महागडी परदेशी घड्याळं, आणि त्यांच्यासाठी वेडी झालेली माणसं. पांढरे हातमोजे घालून ती घड्याळ असं धरतात, जसं काही नुकतं जन्मलेलं बाळ. आणि एका दुपारी एका व्हिडिओत, मी शप्पथ सांगते, आमचंच घड्याळ! तोच त्रिकोण, तेच जाड काटे. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं, खाली हवा किती उरली ते कड्यावर मोजायचं म्हणे. आमच्याकडे कोणी कधी बुडी मारली नव्हती. आजोबांना ते कसं मिळालं, तर एका परदेशी इंजिनिअरची जीप खाडीच्या चिखलात रुतली होती, आजोबांनी बैल लावून काढली, त्याने हातातलं घड्याळ दिलं. आजोबांनी बदल्यात एक टोपली चिकू दिले. त्यांच्या दृष्टीने फिट्टंफाट.

मी धावत वाडीत. बाबांची बारी चालू होती.

"बाबा, हात दाखवा."

"का?"

"फोटो काढायचाय."

"माझा?"

"घड्याळाचा!"

"लांबून काढ. त्रिकोण हलेल."

फोटो मी एका संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमचं घड्याळ खराब झालंय, साफ कसं करायचं? आणि मग जे झालं! दोन मिनिटांत चाळीस माणसं माझ्यावर ओरडायला लागली. साफ करू नकोस! हात लावू नकोस! कापडसुद्धा लावू नकोस! मुंबईच्या एका सरांनी तर थेट फोन केला. रिटायर्ड माणूस, आवाज एकदम गोड.

"बेटा, ते घड्याळ आत्ता कुठे आहे?"

"बाबांच्या हातात."

"आणि बाबा कुठे आहेत?"

"चिखलात."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या. मग म्हणाले, "मी येतोय. मला ते विकत हवंय."

माझ्या डोक्यात लगेच पूर्ण प्लॅन तयार! घड्याळ विकायचं, त्यात तिघांच्या तीन बोअर मारायच्या. ज्याचं पाणी त्याला, चोवीस तास. बारी नको, त्रिकोण नको, पावसात छत्री घेऊन उभं राहायला नको. मला वाटलं मी घरातलं सगळ्यात मोठं भांडण सोडवतेय. मी तिन्ही घरी जाऊन सांगून आले. धाकटी काकू वेवजी गावची, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "बोअर झाली तर हे घरातून बाहेर कधी पडणार?" मी ते तेव्हा ऐकलंच नाही. म्हणजे कानांनी ऐकलं.

सरांना मी सांगितलं दोनला या, तेव्हा घड्याळ बाबांकडून धाकट्या काकांकडे जातं. ते हायवेने तलासरीला त्यांच्या कोणाकडे उतरले होते, तिथून बरोब्बर दोनला आले. आमच्या वाडीत तेव्हा साडेबारा वाजले होते. मी विसरलेच होते हो सांगायला! गणपती नुकते उठलेले.

"दोन वाजता ना, बेटा?"

"हो सर, अजून दीड तास आहे दोनला."

त्यांनी स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं. ते घड्याळ म्हणे आमच्या वाडीपेक्षा महाग. त्यांनी ते कानाला लावून बघितलं.

गाडीचा आवाज ऐकून मोठे काका आले. धाकटे काका आणि काकू तर आधीच येऊन बसले होते. सरांनी कठड्यावर पांढरं कापड पसरलं, हातमोजे घातले, डोळ्याला भिंग लावलं आणि बाबांपुढे हात केला. बाबांनी आधी विहिरीकडे बघितलं. मोठ्या काकांनी विहिरीकडे बघून मान हलवली. मग बाबांनी घड्याळ काढलं. मोटार लगेच बंद केली. नियम म्हणजे नियम.

सर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा रंग... तबकडीचा हा रंग कोणी केला?"

बाबा आणि धाकटे काका, दोघांची बोटं एकदम मोठ्या काकांकडे. "यांनी!"

मोठे काका लालबुंद. "मी मुद्दाम नाही हां केलं. ओलं होतं म्हणून पत्र्यावर—"

"हा रंग मिळावा म्हणून लोक आयुष्यभर शोधत फिरतात," सर म्हणाले. "काळी तबकडी अशी सगळीकडून सारखी तपकिरी होणं, हे ठरवून करता येत नाही. वर्षानुवर्षं ऊन लागतं, दमट हवा लागते."

मोठ्या काकांनी मान वर केली. मग छाती जरा पुढे आली. "मी रोज ठेवायचो. न चुकता. पालथं नाही, उताणं."

"अरे पण पत्रा कोनो?" धाकटे काका उठलेच. ते चिकू उंबरगाव-वापीला पाठवतात, तापले की गुजराती सुरू. "पत्रा तो मी बसवला ने! साधं कौल असतं तर चढला असता काय रंग?"

सरांनी भिंग कड्यावर नेलं. "आणि हे राखाडी कडं. वा! हे कसं झालं?"

"ब्लीचिंग पावडर," धाकटे काका म्हणाले, आणि मला तो क्षण कधी विसरता येणार नाही, कारण इतकी वर्षं हाच माणूस मी नाही, मी नाही म्हणत होता. "मी केलं. मीच. अख्खी बादली कालवली होती या हाताने."

"तुला मी सांगितलं होतं घड्याळ काढ म्हणून," बाबा म्हणाले.

"आणि मी नाही काढलं! म्हणून तर झालं!"

"दादा, तू सांग, ती बादली कोणाची होती?" बाबा थेट मोठ्या काकांकडे वळले. थेट! विहिरीकडे न बघता! मी आणि धाकटी काकू एकमेकींकडे बघतच राहिलो.

"बादली तुझी होती," मोठे काका म्हणाले, "पण भोकाची."

मग सरांनी घड्याळ उलटं केलं. पाठीवर टर्रर्र करून कोरलेलं सामायिक. मला वाटलं आता संपलं. बाबांनी मानच खाली घातली. सरांनी त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं. मग त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून खिशात ठेवलं, परत काढून लावलं.

"याच्या पाठीवर लोकांनी पलटणीचे नंबर कोरलेले मी बघितलेत. बायकोचं नाव बघितलंय. पण हे..." ते म्हणाले. "हे जगात एकच आहे."

"भांड्यांच्या दुकानातून केलंय," बाबा पुटपुटले. "अक्षराप्रमाणे पैसे घेतो तो. मी वेलांटी नीट घे म्हटलं होतं."

इतकी वर्षं तू बिघडवलंस, तू बिघडवलंस चालायचं. आता सुरू झालं, मी बिघडवलं! तुझ्यापेक्षा जास्त मी! मोठे काका म्हणे काचेवरचा तो चरा माझ्या कोयत्याचा. धाकटे काका म्हणे कोयता तुझा असेल, धार मी लावली होती. तिघं एकाच वेळी बोलत होते, एकमेकांच्या तोंडावर, आणि मी उड्या मारायच्या बाकी होते. झालं की! भांडण मिटलं! म्हणजे मिटलं नव्हतं, पण उलटं तरी झालं होतं. आता फक्त विकायचं आणि तीन बोअर!

सरांनी आकडा सांगितला. मी तो सांगणार नाही, कारण बाबांनी शपथ घातलीय. धाकटे काका कठड्यावर बसले, एवढंच सांगते.

मग मोठ्या काकांनी विचारलं, "तुम्ही हे रोज घालणार?"

"छे छे! घालायचं नाही कोणी. तिजोरीत राहील. अंधारात, कोरड्या हवेत."

"चावी?"

"एक पेटी येते. घड्याळ ठेवायला खास. त्यात ठेवीन, आणि चावीसुद्धा देणार नाही. आता याला पूर्ण आराम."

"म्हणजे चालणार नाही?"

"चालायची गरजच काय?"

तिघं भाऊ त्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिले. मला राहवेना.

"अहो, बरंच आहे ना! मोठे काका, तुमची बोअर तुमच्या दारात. बाबा, तुमची आपल्या दारात. कोणाला विहिरीवर यायलाच नको!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाबांना खरंच प्रश्न पडला होता. "मग दहा वाजता मी जाऊ कुठे?"

तो इस्त्रीचा शर्ट. ती जुलैतली छत्री. आईचं ते तेवढंच. मला सगळं एकदम कळलं आणि इतकं कसंतरी झालं ना, की मी विहिरीत बघितलं. घरातली सवय.

बोलता बोलता दीड तास गेला होता, आणि नेमका तेव्हाच तासकाटा त्रिकोणाला टेकला. बाबांनी सरांच्या हातमोज्यातून घड्याळ अलगद उचललं, चावी दिली आणि धाकट्या काकांपुढे धरलं. धाकट्या काकांनी ते मनगटावर चढवलं, त्रिकोण सहावर आणला आणि मोटार सुरू केली.

"साहेब, आता चार तास माझी बारी," ते म्हणाले. "माझ्या बारीत मी काही विकत नसतो."

सर मोठ्या काकांकडे वळले. मोठे काका म्हणाले, "माझी बारी सकाळी सहाला. पण माझ्याही बारीत नाही विकणार."

बाबांनी नुसती मान हलवली.

सर बिचारे हातमोजे घालून तसेच उभे. घड्याळ मोटारीपाशी, धाकट्या काकांच्या हाताला, चिखलाचे थेंब उडतायत, आणि हा माणूस प्रत्येक थेंबाला डोळे मिटून घेतोय. मी चहा आणला. सरांनी हातमोज्यानेच कप धरला. मग त्यांनी मला अगदी हळू विचारलं, "बेटा, निदान बघायला येऊ शकतो ना मी अधूनमधून?" मोठ्या काकांनी ते ऐकलं.

"माणूस जीव टाकतोय रे त्याच्यावर," मोठे काका भावांना म्हणाले. "त्यालाही एक बारी देऊ."

यावर तासभर वाद झाला. कोणाच्या बारीतून कापायची? रविवारची की रोजची? पाऊस असला तर? पण वाद समोरासमोर झाला. शेवटी ठरलं, महिन्यातून एक रविवार, दहा ते दोन, बाबांच्या बारीतली. बदल्यात बाकीच्या दोघांनी बाबांना एकेक शनिवारी तासभर जास्त द्यायचा. सुरुवात दसऱ्यानंतर.

"पण माझ्याकडे जमीन नाही," सर म्हणाले. "मी पाण्याचं काय करू?"

"ते तुम्ही बघा," मोठे काका म्हणाले. "घड्याळ घातलं की पाणी तुमचं. पाणी न घेता नुसतं नाही घालता यायचं."

दसऱ्याला सर पूजेला आले. घड्याळाला हळदकुंकू लागलं तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट पकडला होता, अजून वळ असेल. काटे तिघांसमोर पुढे सरकवले आणि आमची वाडी पुन्हा जगाबरोबर आली.

आणि पहिल्या बारीला सर आले ते गाडीच्या डिकीत अकरा कुंड्या घेऊन! त्यांच्या गॅलरीतल्या. तुळस, मनीप्लांट, एक मरायला टेकलेला गुलाब. पाच हॉर्सपॉवरची मोटार सुरू करून त्यांनी गुलाबाला पाणी घातलं. गुलाब कुंडीतून उडून केळीत गेला. कुंड्या सहा मिनिटांत भरल्या. उरलेले जवळजवळ चार तास पाणी त्यांचंच. मग काय, तिन्ही घरांतून माणसं! साहेब, जवळा घ्या. साहेब, चिकू घ्या. साहेब, थोडं पाणी आमच्या कलमांकडे वळवता का? एवढा मान त्या माणसाला कुठे मिळत असेल असं वाटत नाही. हातमोजे त्यांनी कुठे ठेवले ते त्यांनाच आठवेना.

आता मागच्या रविवारचं. दोन वाजायला आले, धाकटे काका घड्याळ घ्यायला आले, मोठे काकाही उगाच आले होते. मोठ्या काकांनी घड्याळाकडे बघितलं, मग सरांकडे.

"साहेब, त्रिकोण सरकवलात."

"मी? छे!"

"दोनच्या पुढे गेलाय."

"तुमचा चष्मा बदला," सर म्हणाले.

मोठे काका तडक घरी. तेव्हापासून ते सरांशी बोलत नाहीत. सरांचे मला रोज फोन: अजून रागावलेत का? खरं सांगू का, बेटा, थोडासा सरकवला होता, दहा मिनिटंच. मी येऊ का माफी मागायला? मी म्हटलं, सर, बारीच्या दिवशीच या, आमच्याकडे असंच असतं.

काल त्यांनी परत फोन केला. विचारत होते, पुढच्या बारीच्या रविवारी कोणत्या रंगाचा शर्ट घालू.